आउट-ऑफ-प्रॉव्हिन्सला मराठी शब्द

व्हँकुव्हरच्या ज्या युनिव्हर्सिटीवर जेनेलचा जीव जडला होता, तिने धड हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, डिफर केलं. आधी तिथल्या प्रांतातली मुलं, मग जागा उरल्याच तर कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॅलिफॅक्सची जेनेल.

तेवढ्यात वसईहून लुर्डसआत्याचा व्हिडिओ कॉल आला. आत्याला इंग्लिश कमीच, त्यामुळे हे मराठीत कसं सांगायचं याचंच जेनेलला कोडं.

"डॅडी, आउट-ऑफ-प्रॉव्हिन्सला मराठीत काय म्हणतात?"

एरवी शब्दाला कधी न अडणारे डॉमनिक घुटमळले. "बाहेरगावची म्हण ना."

"पण गाव नाही, प्रॉव्हिन्स! त्याला वर्ड असेलच ना?"

"बाहेरची म्हण. पुरे झालं."

डॅडी काहीतरी लपवताहेत हे जेनेलने बरोबर ताडलं. मग काय, तिने थेट आत्यालाच विचारलं.

"त्यात काय एवढं?" आत्या म्हणाली. "परप्रांतीय."

जेनेल चमकली. मुंबईच्या बातम्या बघताना डॅडी टीव्हीवर तावातावाने ओरडायचे, तो हाच शब्द!

"वेट, डॅडी," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ती शिवी नाहीये?"