गौरीची पावलं

मागचं दार उघडलं आणि गिरजाबाई उंबऱ्यावरच थबकल्या. बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस त्या धसईला काय गेल्या, इकडे सापगावात त्यांचं परस पिवळंफटक पडलं होतं. पानं लोंबलेली, देठ लिबलिबीत आणि वर तणनाशक औषधाचा उग्र दर्प. पडवीच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप मात्र धुऊनपुसून ठेवलेला. टापटिपीला कमी नव्हती!

"दिनेश, ह्ये कोनी केलं रे?"

"मीच," मुलगा कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "केवढं रान माजलं व्हतं आई. उद्या गौरीला कंपनीतले साहेब येनार. त्यांच्यापुढं साप निघाला म्हंजे?"

रान म्हणे! आटगावच्या कंपनीत कामाला लागल्यापासून याला आपलंच परस रान दिसायला लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानंच आपला जुना फोन आईला दिला, तेव्हापासून गिरजाबाईंना फोटोंचं वेड लागलं. ज्येष्ठात कुंपणाशी शेवळाचा जांभळा कोंब वर आला की त्या चिखलात उकिडव्या बसत. भादव्यात टाकळ्याचं पिवळं फूल, कार्तिकात कुर्डूचे तुरे, वैशाखात कुड्याचा पांढरा बहर. गुलाब-जास्वंदीचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. आपण लावलेल्या फुलाचं कसलं आलंय कौतुक, असं त्यांचं म्हणणं.

आणि सगळ्यात जास्त फोटो होते तेरड्याचे. कारण या घरात गौरीला मूर्ती नसते, मुखवटाही नसतो. मुळासकट उपटलेला तेरडा हीच गौर आणि मुळं ही तिची पावलं. गिरजाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून गौर याच परसातून घरात आली होती. एकदाही खाडा नाही.

"उद्या गौर कुठून आनू मी?" त्यांनी विचारलं.

"तेची सोय केलीय ना!" सून भाविकानं हसत पिशवी उघडली. शहापूरच्या बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा तेरडा. फुलांवर चिकटवलेले काचेचे थेंब, आणि खाली मुळंच नाहीत, हिरव्या कागदात गुंडाळलेली तार. पावलांच्या जागी तार! गिरजाबाईंना अशी शिसारी आली की त्यांनी हात लुगड्याला पुसले. खरं तर त्यांनी त्या वस्तूला हातही लावला नव्हता.

"अजून खरी गंमत बघितलीच नाय तू," असं म्हणत दिनेशनं भिंतीवरची चादर ओढली. मखरामागं भिंतभर फ्लेक्स. त्यावर गच्च फुललेला तेरडा, गुलाबी, पांढरा, जांभळा. "वळख बघू, कोनाचा फोटो?"

ओळखायचं काय त्यात? गेल्या वर्षी याच दारातून त्यांनीच काढलेला. ज्यानं झाडं जाळली त्यानंच त्यांचं चित्र भिंतीला लावून घेतलं होतं, आणि वर आईनं खूश व्हावं अशी त्याची इच्छा होती. फ्लेक्सलाही तसलाच घाण वास येत होता. त्या दिवशी गिरजाबाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब सहकुटुंब आले. भाविकानं ओवाळणीचं ताट घेतलं, प्लॅस्टिकचा जुडगा हातात धरला आणि उंबऱ्यापाशी सासूची वाट बघत उभी राहिली. गिरजाबाई मागच्या दारानं आल्या. त्यांच्या हातात पाच झाडं होती, जळलेली, पिवळी, माना टाकलेली. मुळं मात्र शाबूत होती आणि स्वच्छ धुतलेली होती.

"आई, ह्ये काय? लोकं बसलीत!" दिनेश दबक्या आवाजात म्हणाला.

"पावलं हायेत तिला," त्या म्हणाल्या. "पान्यानं धू, कुंकू लाव भाविका."

भाविकानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग प्लॅस्टिकचा जुडगा खाली ठेवून तिनं मुळांवर पाणी घातलं.

गौर मखरात बसली. मागं फ्लेक्सवर गच्च तेरडा, पुढं नव्या साडीत तोच तेरडा मेलेला. साहेबांच्या बायकोनं नाकाला पदर लावला.

गिरजाबाईंनी कमरेचा फोन काढला आणि मुलाच्या हातात ठेवला.

"काढ फोटो," त्या म्हणाल्या. "या वर्साचा तूच काढ."