योसेफच्या कादंबरीची शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुनी ट्रेडल आहे, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. नगरच्या एका अरुंद गल्लीत पत्र्याखाली उभी आहे. माझं चाक अजून फिरेल, पण फिरवायला कुणी येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. मालक गहिनीनाथरावांच्या वडिलांनी मला बैलगाडीतून इथवर आणलं, एवढं पुरे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शिंगणापूरच्या दुकानांच्या जाहिराती, सगळं मी छापलं. हिच्यासारखी छपाई नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि मी फुशारून जाई. पण खरं सांगू? लग्नपत्रिकांचा मला वीट आला होता. नावं तेवढी बदलत, आग्रहाचं निमंत्रण तेच.

एकाहत्तर साली योसेफ आला. नागापूरच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, किडकिडीत, सारखा खोकणारा. त्याची पहिलीच कादंबरी. दोनशे वर्षांनंतरच्या कोरड्या नगरातली एक इंजिनिअर बाई कालयंत्रात बसून निजामशाहीत जाते. शहराला पाणी देणाऱ्या खापरी नळांचा हरवलेला उगम तिला शोधायचा असतो. मागे तलवारी उपसलेले स्वार, पुढे अंधारा बोगदा. असलं काही माझ्यावरून कधी गेलं नव्हतं. आठ पानांचा एक फर्मा छापून झाला की मी पुढच्याची वाट बघत बसे.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण तिच्यातच घात झाला. कंपोझिटर मच्छिंद्र शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून पानं बनवी आणि आठ पानं चौकटीत आवळली की फर्मा होई. खिळे मोजकेच होते. म्हणून फर्मा छापून झाला की तो रॉकेलनं धुवायचा आणि खिळे सोडून पुन्हा वापरायला घ्यायचे. धुतलेला फर्मा म्हणजे छापलेला फर्मा, हे कुणी विचारतही नसे. जुळवून झालेलं हस्तलिखित चुलीत जाई. माझ्या शाईच्या रुळांसाठी सरस आणि गूळ त्याच चुलीवर वितळवत.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा शेवटच्या फर्म्याचं प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, टेबलावर हातरुळानं काढली; माझ्यावरून तो फर्मा अजून गेला नव्हता. योसेफ दवाखान्यात होता. त्याची थोरली बहीण दीना शाळेत शिकवायची, तीच प्रूफ घेऊन गेली. ते बघायच्या आतच तो वारला. "शेवट छापून आल्यावरच वाच," असं त्यानं तिला बजावलं होतं. म्हणून तिनं ते प्रूफ न वाचताच शवपेटीत त्याच्या हाताखाली ठेवलं. पुस्तक तर छापून येणारच होतं.

इकडे मालकीण झुंबरबाई, जिचा पाय छापखान्यात क्वचितच पडे, ती रडत आत आली. प्रूफाची शाई फर्म्यावर तशीच होती.

"पोराचं बोलनं असं काळ्या तोंडानं पडून ऱ्हायला नगं," ती म्हणाली. तिनं रॉकेलच्या फडक्यानं फर्मा लख्ख पुसला आणि भिंतीशी उभा केला.

मच्छिंद्र तेव्हा कर्जतला गावी गेला होता. परतला तेव्हा पाणीटंचाईची पत्रकं छापायची घाई होती आणि खिळे कमी पडत होते. भिंतीशी धुतलेला फर्मा दिसला. त्यानं तो सोडला. मी समोरच उभी होते, मित्रांनो. मला तोंड नाही.

चार दिवसांनी दीनानं येऊन विचारलं, "शेवटचा फर्मा कधी छापताय?"

"त्यो तर छापलाय न्हवं, बाई? धुतलेला हुता," मच्छिंद्र म्हणाला.

झुंबरबाई दीनाला बघून आत आली होती. "म्या धुतला," ती एवढंच बोलली.

"मच्छिंद्र," गहिनीनाथराव म्हणाले, "अक्षर न् अक्षर तू जुळवलंस. शेवट काय होता?"

"मालक, मी खिळं बघतो. गोष्ट न्हाई बघत. ध्यान गोष्टीत गेलं की हात चुकतो." "पाणी हा शब्द लई येळा आला, येवढंच ध्यानात हाय."

मग मालक चाचरत म्हणाले, "दीनाताई, हस्तलिखित तर चुलीत गेलं, पण प्रूफ पेटीत आहे. तुम्ही म्हणाल तर..."



"नको," दीना म्हणाली. "कबर उघडायची नाही. शेवट त्याला ठाऊक आहे. त्याच्यापाशीच राहू द्या."

कादंबरी शेवटाविना निघाली. थोड्या प्रती खपल्या, उरलेल्या वाळवीनं खाल्ल्या. मच्छिंद्र मात्र त्या दिवसापासून जुळवलेलं प्रत्येक पान वाचू लागला, लग्नपत्रिकासुद्धा. त्याचा हात मंदावला, कामं रखडू लागली, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मालकांनी त्याला कधी घालवलं नाही. माझ्यावर गंज चढला तो असा, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाला मायेनं हात लावायचा असला, तरी आधी त्याला विचारा. मन लावून लिहिलेल्याची एक नक्कल जपून ठेवा. ती कादंबरी वाचलेला एखादा माणूस कधीतरी गल्लीत येई आणि विचारी, "शेवटी नगरला पाणी आलं का हो?" मच्छिंद्र फडकं घेऊन माझं चाक पुसू लागे. मलाही ते माहीत नाही.