छप्पन्न नंबरवरून आलेला फोन

हे मी सांगायला नको. आम्हा टेलिफोनांचा एकच नियम आहे. ऐकायचं, पलीकडे पोहोचवायचं आणि विसरून जायचं. नऊ वर्षं मी तो नियम पाळला. पण परवा दुकानात जे घडलं, त्यानंतर माझा राग काही केल्या खाली बसत नाही. म्हणून आज बोलतोय.

मी एक काळा, जड टेलिफोन. बोट घालून तबकडी फिरवायची तसला. माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यात झाला आणि मी आलो तेलगावात, चन्नप्पा आप्पांच्या घरी. आप्पांनी अर्ज केल्यावर सात वर्षांनी माझा नंबर लागला होता. त्यामुळे पहिल्या दिवशी मला हार घातला, विभूती लावली, गल्लीत पेढे वाटले. नंबर मिळाला छप्पन्न.

घराच्या पुढच्या बाजूला आप्पांचं किराणा दुकान, मागे ओसरी आणि ओसरीपुढे अंगण. मला ओसरीतल्या कोनाड्यात बसवलं. दुकानाचं मधलं दार उघडं असलं की तिथलं सगळं बोलणं मला ऐकू येई. माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर आप्पा पेन्सिलीनं नंबर लिहून ठेवत. अंगणाच्या मागच्या भिंतीपलीकडे भीमनगरची पहिली ओळ.

गावात तेव्हा मोजकेच फोन होते. ज्यांची मुलं पुण्याला, औरंगाबादला कामाला लागली, ती मुलं कंपनीत आप्पांचाच नंबर देत. फोन आला की आप्पांनी निरोप सांगायचा किंवा माणूस बोलावून आणायचा. आप्पांना त्याचा अभिमान होता. "सगळ्या गावाचे कान माझ्या घरात हायेत," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

ग्रामसेवक बोलून गेले की मला कोणी पुसत नसे. भीमनगरातलं कोणी बोलून गेलं की गंगासागर काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ओलं फडकं घेऊन येत. त्या कोणाला वाईट बोलत नसत. चहासुद्धा देत, वेगळ्या कपात. पण फडकं यायचंच. कोणाकोणानंतर मला पुसलं जातं, ती यादी मला पाठ आहे.

पुढे गर्दी वाढली तेव्हा आप्पांनी माझ्या तबकडीच्या भोकात बोटाएवढं पितळी कुलूप अडकवलं. आलेला फोन घेता येई, करता येत नसे.

त्यावरचा उपाय घरातल्याच मुलीनं शोधला. रुचिका आप्पांची एकुलती एक. फारशी बोलायची नाही, नुसती बघत असायची. रिसीव्हर ज्या खुंट्यांवर टेकतो, त्या बोटानं टकटक दाबल्या तरी नंबर लागतो, हे तिला कळलं. तीनसाठी तीनदा, सातसाठी सातदा, शून्यासाठी दहादा. ही गंमत तिनं एकाच व्यक्तीला दाखवली. मायाला.

माया भीमनगरची, भारत ओव्हाळ यांची मुलगी. रोज संध्याकाळी अंगणातल्या पायरीवर बसून ती रुचिकाला गणित शिकवायची. ओसरीवर ती कधी चढली नाही. बारावीला तिला अडुसष्ट टक्के पडले होते आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काहीही नाही. रुचिकाचं एखादं गणित चुकलं तर ती रागवायची नाही. "कुठं घसरलीस ते बघ," म्हणायची आणि वाट बघत बसायची.

आता चौऱ्याण्णव सालच्या श्रावणातलं सांगतो.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी वाजलो. पुण्याहून मायाचा भाऊ अनिल बोलत होता. आप्पांनी उचललं.

"आप्पा, मायाचं डीएडला नाव लागलंय. आत्ताच बोर्डावर बघून आलो. शुक्रवारी पाचच्या आत मूळ कागदं घेऊन हितं हजर व्हायाचं, न्हाई तर जागा पुढच्याला देतेत. तेवढं तिला सांगा."

"सांगतो की. त्यात काय एवढं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

मायाचं घर तिथून चाळीस पावलं. आप्पा उठले नाहीत. मंगळवारी पहाटे सगळ्यांना श्रीशैलमला देवदर्शनाला निघायचं होतं, जीप ठरवायची होती, फराळाचं बांधायचं होतं. त्या संध्याकाळी माया गणित शिकवायला आलीसुद्धा. आप्पा तिच्याजवळून गेले. "काय मास्तरीणबाई, आमच्या पोरीच्या डोक्यात काही शिरतंय का?" असं विचारून हसले. आणि आत गेले.

त्यांनी हे मुद्दाम केलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. मुद्दाम करायला समोरच्याचा विचार तरी करावा लागतो.

मंगळवारी पहाटे घराला कुलूप लागलं. किल्ली आप्पांच्या खिशात गेली.

गुरुवारी रात्री दहा वाजता मी वाजू लागलो. बंद झालो, पुन्हा वाजलो. तिसऱ्यांदा वाजत असताना अंगणाच्या भिंतीवरून कोणीतरी आत उडी मारली. माया होती. यादी लागायचे दिवस तिला माहीत होते आणि आप्पांच्या घरी रात्री एवढा वेळ कोण फोन करणार, हेही तिनं ओळखलं होतं. पायरीपाशी ती थबकली. मग पहिल्यांदा ओसरीवर चढली आणि तिनं मला उचललं.

"दादा?"

"माया? तू कावून आली न्हाईस अजून? सोमवारीच आप्पांना सांगितलं व्हतं मी. उद्या शेवटचा दिस हाय."

माया म्हणाली, "येते. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते," आणि तिनं फोन ठेवला.

निघायला ती तयार होती, पण तिचे कागद तिच्या घरी नव्हते. आदल्या पावसाळ्यात ओव्हाळांच्या पत्र्याच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा मायाच्या आईनं, मालनबाईंनी, दाखला, गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र असं सगळं पिशवीत घालून आप्पांच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिलं होतं. गावातले पुष्कळ लोक असंच करत. कपाट ओसरीला लागून असलेल्या खोलीत होतं. आतल्या खोल्यांना नुसत्या कड्या असत, पण कपाटाला कुलूप होतं.

मायानं काडी ओढली आणि भिंतीवरचे नंबर वाचले. 'श्रीशैलम, धर्मशाळा' असं आप्पांनी जायच्या आधी लिहिलं होतं. मग तिनं माझ्या खुंट्या दाबल्या. एकदा. थांबून आठदा. थांबून दहादा. एकशे ऐंशी, म्हणजे ट्रंक बुकिंग, परगावचा फोन मागायचा नंबर. एकही ठोका चुकला नाही.

माजलगावच्या एक्स्चेंजमधून ऑपरेटर मोहनराव बोलले. "नंबर सांगा."

"तेलगाव छप्पन्न."

"आप्पा तर गावाला गेलेत ना? कोन बोलतंय?"

"मी माया. लई अर्जंट हाय, साहेब."

"ठेव. लागला की वाजवतो," मोहनराव म्हणाले.

त्याला सव्वा तास लागला. तेवढा वेळ माया अंधारात रिसीव्हरवर हात ठेवून बसली होती, मी वाजताक्षणी उचलता यावं म्हणून. तिच्या तळहाताचा घाम मला अजून आठवतो.

पावणेबाराच्या सुमाराला फोन लागला. पलीकडे धर्मशाळेच्या राखणदारानं आप्पांना झोपेतून उठवून आणलं होतं.

"तेलगाव छप्पन्नवरून कॉल हाय, बोला," मोहनराव म्हणाले.

"छप्पन्न? ते तर माझंच घर हाय," आप्पा म्हणाले. "घराला कुलूप हाय. कोन... कोन हाय?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, मी माया."

बारीक आवाज लगेच मोठा झाला. "तू माझ्या घरात कशी?"

"आप्पा, सोमवारी दादाचा फोन आलता का?"

"भिंतीवरून गेलीस का तू?"

"आलता का, आप्पा?"

"आलता," आप्पा म्हणाले. "राहिलं ध्यानात. जीपचं बघायचं व्हतं."

"माझे कागद कपाटात हायेत. किल्ली कुठं हाय तेवढं सांगा."

"किल्ली देवघरात हाय."

"देवघरात कुठं?"

मागून काकूंचा आवाज आला, "सांगू नका. ती आत जाईल."

"माया," आप्पा म्हणाले, "आमी रविवारी येतो. आल्या आल्या काढून देतो."

"जागा उद्या जाती, आप्पा."

"मग पुढल्या वर्षी बघू की. वय काय पळून चाललंय का तुझं?"

मोहनराव मध्ये बोलले. "तीन मिनिटं झाली. मी लाइन तोडत न्हाई, आप्पा. किल्लीचं बोला."

आप्पा नुसते श्वास घेत राहिले. मग काहीतरी ओढाओढ झाल्यासारखा आवाज आला आणि रुचिका भराभर बोलली. "मायाक्का, विभूतीच्या डब्याखाली. कपाटात खालच्या कप्प्यात निळी पिशवी." आणि फोन बंद झाला.

माया देवघरात गेली. किल्ली आणली, पिशवी घेतली, किल्ली पुन्हा डब्याखाली ठेवली. दुसऱ्या कशालाही तिनं हात लावला नाही. जाताना ती माझ्याजवळ आली आणि आपल्या ओढणीनं तिनं मला पुसलं. कान, तोंड, दांडा, सगळं. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या घरात एवढी वर्षं येऊन ती हेसुद्धा शिकली होती. तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी सगळं गाव उठवलं असतं.

शुक्रवारी ती चार वाजून दहा मिनिटांनी पुण्यात पोहोचली. जागा मिळाली.

रविवारी आप्पा परत आले. काकूंनी देवघर धुतलं आणि मग मला. या वेळी ओलं फडकं त्यांना पुरलं नाही. साबणाचं पाणी माझ्या तोंडात गेलं, तेव्हापासून माझा आवाज घोगरा आहे. मग काकू अंगणाच्या भिंतीपाशी गेल्या आणि मालनबाईंना म्हणाल्या, "पोरगी बंद घरात शिरली, हे आमी कुठं बोलनार न्हाई. तुमीबी बोलू नका. केस झाली तर मास्तरीण कोन करील तिला?" रुचिकाशी आप्पा पंधरा दिवस एक शब्द बोलले नाहीत.

पण फोन आल्याचं श्रीशैलमच्या धर्मशाळेत सगळ्यांना कळलं होतं आणि जीपवाला तेलगावचाच. दुकानात लोक विचारू लागले. खरं सांगितलं असतं तर सोमवारच्या राहिलेल्या निरोपाचंही सांगावं लागलं असतं. आप्पांनी दुसरंच सांगितलं.

"घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आन् रात्री बाराला माझ्याच घरून फोन."

"कोन बोललं?" सुंदरराव नावाचे रोजचे गिऱ्हाईक विचारत.

"कोन बोलनार बे? घरात कोनी असंल तर बोलंल ना. नुसता श्वास."

महिनाभरात त्या श्वासाला बांगड्यांचा आवाज जोडला गेला. दिवाळीपर्यंत सुंदरराव सांगू लागले की फोनवर आप्पांची वारलेली आई होती. आप्पांनी नाही म्हटलं नाही. लोक मला बघायला येत. कोणी लिंबू ठेवलं, कोणी उदबत्ती. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीचं भूत केलं आणि माझं त्या भुताचं देऊळ.

दोन वर्षं गेली. स्टँडवर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघाला. भीमनगरचे लोक आता तिथं जातात. तिथं फडकं नसतं.

आणि परवा माया दुकानात आली. तिला नेकनूरजवळच्या शाळेत नेमणूक मिळाली होती, पेढ्यांसाठी साखर हवी होती. आप्पा तेव्हा लातूरच्या एका फिरत्या विक्रेत्याला तीच गोष्ट सांगत होते. सुंदरराव बांगड्यांचा आवाज काढून दाखवत होते. माया ते ऐकत उभी राहिली. मग म्हणाली,

"आप्पा, ती मी व्हते."

सगळे तिच्याकडे वळले.

"दादाचा निरोप तुमी सांगितला न्हाई. म्हणून मी भिंत चढले आन् तुमाला किल्ली विचारली. दुसरं काय झालं न्हाई त्या रात्री."

आप्पांनी तराजूकडे बघितलं. "किती देऊ साखर?" त्यांनी विचारलं.

सुंदरराव हसले. "पोरी, एवढी रंगलेली गोष्ट. तिचं वाटोळं कावून करतीस?" विक्रेताही हसला. "तबकडीचं कुलूप न काढता फोन कसा लागंल, बाई?" तो म्हणाला. आणि त्यानं आप्पांना विचारलं, "हं, मग? श्वास ऐकू आला, पुढं?"

आप्पांनी पुढं सांगितलं. माया तिथंच उभी असताना सांगितलं. तिनं साखर घेतली आणि ती गेली.

म्हणून मी नियम मोडला. लाइनमन उत्तरेश्वर आज-उद्या नवा बटणांचा फोन घेऊन येणार आहे. मी त्याच्या पोत्यात गेलो की त्या रात्रीचं बोलणं ऐकलेले बाहेरचे फक्त मोहनराव उरतील, आणि त्यांना त्यांच्या नोकरीत बोलायची बंदी. रुचिका अजून या घरात, आप्पांच्या धाकात राहते.

तर ऐका. त्या रात्री घर रिकामं नव्हतं. तिथं माया भारत ओव्हाळ होती, तिला नाव होतं, आवाज होता आणि तिनं सरळ प्रश्न विचारला होता. तुम्ही तेलगावला आलात आणि कोणी तुम्हाला बांगड्यांची गोष्ट सांगू लागलं, तर हसू नका, पुढं काय झालं असं विचारू नका. सांगणाऱ्याला तिथंच थांबवा आणि त्याच्या तोंडावर म्हणा, की त्या सोमवारी

थांबा. घंटी वाजतेय. उचलायला आप्पा येतायत, मला आता