कर्नलचे रविवार-बुधवार

नालवाडीतल्या पिंपळापुऱ्यांच्या घरात लसूण येत नसे. कांदा यायचा, पण पाहुण्यासारखा, आणि चातुर्मासात तोही नाही. कुणाच्या खिडकीतून कसल्या फोडणीचा वास येतो यावरून इंदिराबाई त्या घराची किंमत करीत, आणि ती फारशी कधी वर जात नसे. यजमान बंडोपंत विम्याचे एजंट, आणि सात्त्विक आहार मंडळाचे उपाध्यक्ष. दर रविवारी सकाळी मंडळात त्यांचं भाषण होई. ऐकणाऱ्यांत निम्मे त्यांच्या पॉलिसीवाले असत, उरलेले होऊ घातलेले.

चौऱ्याऐंशी साली या घरात कर्नल आला. मुलाने नागपुराहून अल्सेशियन म्हणून पाठवलेलं पिल्लू. बंडोपंतांनी गल्लीत सांगून टाकलं की वर्षभरात हा वासराएवढा होईल. त्यासाठी फाटकाला नवी साखळीसुद्धा आणली. वर्ष होत आलं तरी कर्नल मुंगसाच्या पुढे सरकेना. साखळी उचलली की तोच खाली बसे.

दुधाच्या रतिबाला येणारी शकुबाई हे रोज पाहत होती. एक दिवस तिने चरवी खाली ठेवली आणि इंदिराबाईंना सुनावलं, "वयनी, कुत्र्याची जात हाय थे. दूध-पोळीवर काऊन मारून राह्यल्या त्याले? कलेजी खाऊ घाला."

इंदिराबाईंनी कानांवर हात ठेवले. पण ते फार वेळ राहिले नाहीत. पुढच्या रविवारी, बंडोपंत सात्त्विकतेवर बोलायला गेले असताना, शकुबाईच्या चरवीमागून एक झाकणाचा डबा आला. कर्नलने कलेजी अशी खाल्ली की जणू जन्मभर तिचीच वाट पाहत होता. डब्याच्या तळाशी थोडा रस्सा उरला. टाकून देणं इंदिराबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आधी बोट बुडवलं, मग पोळीचा तुकडा. डबा त्यांनी राखेने घासला, हात शिकेकाईने, आणि दुपारी भजनाला जाऊन बसल्या. दुसऱ्या रविवारी डब्यात रस्सा जरा जास्त होता. शकुबाई दूध मोजण्यात जेवढा हात आखडता घेई तेवढा यात घेत नसे.

त्याच सुमारास कर्नलचं बिनसायला लागलं. मधूनच तो अंगणात गोल गोल फिरे, फिरून फिरून भिंतीपाशी येई आणि डोकं भिंतीला टेकवून उभा राही. तोंडातून लाळ. हाक मारली तर नजर भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपटी हलवीत तयार. समोरच्या कमलाबाईंनी नजर लागल्याचं सांगितलं. एवढ्याशा कुत्र्यात नजर लागण्यासारखं काय होतं ते मात्र त्यांना सांगता येईना.

शेवटी गुरांच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर ओमप्रकाश तरुण होते. त्यांनी रक्त तपासायला नागपूरला पाठवलं, पोटाचा एक्स-रे काढला, आणि आठवड्याने दोघांना समोर बसवून सांगितलं की याचं यकृत आहे केवळ लिंबाएवढं. बंडोपंतांना समजावं म्हणून त्यांनी कारंजा घाडग्याचा हमरस्ता आणि जकातनाका मध्ये घेतला. आतड्यातून निघालेलं रक्त हा माल भरलेला ट्रक. यकृत म्हणजे नाका. तिथे माल तपासायचा, विषारी असेल तो उतरवून घ्यायचा, मगच पुढे सोडायचा. या कुत्र्यात जन्मापासून एक आडवी नस आहे. ट्रक नाका चुकवून त्या आडवाटेने थेट शहरात. शहर म्हणजे मेंदू.

"आणि सर्वांत वाईट माल मांसाचा," डॉक्टर म्हणाले. "मांस खाल्लं की हा चक्कर मारणार. याला मांस कधी मिळतं?"

बंडोपंत ताठ झाले. आपण कोण आहोत हे त्यांनी डॉक्टरांना मंडळाच्या स्थापनेपासून सांगितलं. इंदिराबाई पदराचं टोक पाहत बसल्या.

"झटके रविवारी आणि बुधवारी येतात असं तुम्हीच सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "रोग काही कॅलेंडर पाहून येत नाही, काका." मग त्यांनी औषधं लिहिली. माणसांना बद्धकोष्ठावर देतात ते गोड पातळ औषध, आतड्यातले जंतू मारायच्या गोळ्या, आणि खायला फक्त भात, दही, थोडं पनीर. एवढ्याने भागलं तर भागलं. एवढं पथ्य पाळूनही झटके आले, तर मात्र नागपूरला पोट उघडून ती नस बांधावी लागेल. असं ऑपरेशन केलेले एक सर्जन तिथे होते. आतापर्यंत त्यांनी दोन कुत्री केली होती. त्यातलं एक जगलं.

घरी येता येता इंदिराबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. कबुली द्यायची नाही, डबा बंद करायचा. कुत्र्याला काम झाल्याशी मतलब. शकुबाईला त्यांनी एका वाक्यात सांगितलं. इकडे गल्लीत लिव्हरचा आजार म्हणून बातमी पसरली आणि जो तो येऊन लिव्हर खाऊ घालायचा सल्ला देऊ लागला. लिव्हरने लिव्हर भरून येतं म्हणे. इंदिराबाई सर्वांना तुच्छतेने घालवून देत. तो अधिकार त्यांना नुकताच, चार रविवार सुने काढून, मिळाला होता.

रविवारचे झटके थांबले. बुधवारचे थांबेनात.

बुधवारी बंडोपंत विम्याच्या कामाला कारंज्याला जात. संध्याकाळच्या एसटीने परतत, तेव्हा तोंडात पान असे. एरवी पानाला ते व्यसन म्हणत. कर्नल फाटकाशी उभा असे, आणि बंडोपंत त्याला लाडाने घराच्या मागे घेऊन जात. इंदिराबाईंनी हे गेले काही महिने पाहिलं होतं आणि त्याला प्रेम समजल्या होत्या. आता त्यांनी घराच्या मागे जाऊन पाहिलं. कर्दळीखाली माती उकरलेली होती. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर काय मिळतं हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. शहाऐंशी किलोंचा उपाध्यक्ष नुसत्या मुगाच्या वरणावर कसा पोसला गेला, हाही जुना प्रश्न त्यामुळे सुटला.

पण बोलणार कसं? बुधवारचं काढलं तर तो माणूस विचारणार, रविवारचं कसं थांबलं? तीस वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाक मुरडून मिळवलेली जागा एका डब्यापायी सोडायची? त्या वाट पाहत राहिल्या. आज ना उद्या त्याचं मन त्यालाच खाईल. बंडोपंतांच्या मनाला मात्र ती सवय नव्हती. दर बुधवारी ते फिरणाऱ्या कर्नलकडे पाहून हळहळत आणि विज्ञान किती अपुरं आहे यावर बोलत.

पुढच्या बुधवारी कर्नल पडला तो उठलाच नाही. गुरुवारी दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, तेव्हा कुठे त्याने कान हलवला. डॉक्टरांनी कागद काढला.

"पथ्य पाळूनही हे होत असेल तर आता दुसरा मार्ग नाही. उद्या नागपूरला न्या. जगेल याची हमी कुणी देणार नाही, ते इथे लिहिलं आहे. सही करा."

इंदिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोलेल. बंडोपंतांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, चष्मा नीट केला. पॉलिसीवर करीत तशीच झोकदार सही करायला ते वाकले. टेबलावर कर्नल पडला होता. उद्याच्या ऑपरेशनसाठी त्याच्या पोटावरचे केस काढून टाकले होते आणि ते पोट इंदिराबाईंच्या तळहाताएवढं होतं.

"डॉक्टर, रविवारचं माझं होतं," त्या म्हणाल्या.

पेन थांबलं.

"कलेजी. शकुबाई आणून द्यायची. रस्सा मी खाल्ला. तुम्ही सांगितल्यापासून बंद आहे, म्हणून रविवारी हा बरा असतो." त्यांनी पदर सारखा केला. "बुधवारचं ज्याचं त्याने सांगावं."

डॉक्टर बंडोपंतांकडे पाहू लागले. कंपाउंडरही पाहू लागला. बंडोपंतांनी टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग मंडळात शंकासमाधान करताना काढीत तसला गंभीर आवाज त्यांनी काढला.

"डॉक्टर, मला एक सांगा. हाडात मांस असतं का?"

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला आणि फाडला.

सायकलरिक्षात दोघांच्या मध्ये टोपली, टोपलीत कर्नल. रिक्षा आर्वी नाक्याशी आली. मग बंडोपंतांना राहवलं नाही.

"मी तिकडे भाषण देत असताना, इंदिरा? तेव्हा?"

"तुम्ही घरी असता तर डबा आला असता का?"

पुढच्या वळणावर बंडोपंतांनी फक्त शकुबाईचा रस्सा तिखट असतो का एवढं विचारलं. इंदिराबाईंनी टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

कर्नल भात-दह्यावर सुधारला. वासरू झाला नाही, पण चक्कर थांबली. डॉक्टरांनी बजावलं होतं की आडवाट तिथेच आहे, फक्त तिच्यावर माल जाऊ देऊ नका. याला बोट चाटायला दिलं तरी त्या बोटावर काही नको. आणि कर्नलला बोटं चाटण्याचा फार नाद.

आता बुधवारी एसटीतून उतरून बंडोपंत फाटकाशी येतात. इंदिराबाई आधी बाहेर येतात, कर्नल मागे. बंडोपंत शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करतात. त्या एकेक हात नाकाशी नेऊन सावकाश हुंगतात, आधी तळवा, मग बोटांची पेरं. रविवारी मंडळातून आल्यावर बंडोपंत त्यांचे हात हुंगतात, तितक्याच बारकाईने. कुणी कुणाला सूट देत नाही. दोघंही महिनोन्‌महिने खरोखरचे शाकाहारी आहेत, आणि दोघांचाही स्वभाव त्यामुळे चिडका झाला आहे.

समोरून कमलाबाई हे पाहतात, आणि भजनात सांगतात की या वयातही पिंपळापुऱ्यांचं एकमेकांवर केवढं प्रेम, दारातच हात हातात घेतात.