साठ मिनिटांचे बाबा

मी साठ मिनिटांची कॅसेट बोलतेय. बोलतेय कसली, चरफडतेय!

घडले कारखान्यात, पण माझ्यात जीव आला तो या घरातल्या जेवणाच्या टेबलावर. बाबा बस आगारात घोषणा करायचे. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज जाणार. आदल्या रविवारी बाबांनी मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं आणि घरातल्या एकेकाशी पोटभर बोलून घेतलं.

ऑपरेशननंतर ते वहीत लिहून बोलू लागले. आईला मात्र माझ्यातला आवाज ऐकवेना. तिनं मला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. तिचं मी समजू शकते. पण दादाचं काय? तो शिकला, संगणकावर नोकरी करू लागला.

धाकटी बहीण विचारायची, "दादा, कॅसेट डिजिटल कधी करायची?"

"करतो गं. पळून जातेय का ती?"

पळत नव्हते, सडत होते! बावीस वर्षं! तेवढ्या काळात दादासाहेबांनी पाच मोबाईल बदलले आणि जेवणाच्या ताटांचे हजारो फोटो काढले.

शेवटी बहिणीनंच मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी माझे स्क्रू काढले, बुरशी पुसली.

"चाळीस मिनिटं निघतील, बाळ. मधल्या वीस मिनिटांची फीत पार चिकटलीय. आधी आणायची होतीस."

संध्याकाळी सगळे संगणकासमोर बसले. "ए ठमाकाकू, दात आले का?" बाबांचा खणखणीत आवाज आला. तेव्हा धाकटी पाळण्यात होती. तो आवाज ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. ती हसता हसता रडली. आईनं बाबांचा हात घट्ट धरला. बाबांनी लिहिलं, 'एवढा ओरडायचो मी?'

चाळीस मिनिटं संपली.

"आणि माझं?" दादानं विचारलं.

त्याच्याशी बोललेलं सगळं मधल्या वीस मिनिटांत होतं.

बाबांनी वही ओढली. आठवेल तसं लिहीत गेले, चांगली तीन पानं. दादा मोठ्यानं वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला त्यानं वही बहिणीकडे सरकवली.

अक्षर बाबांचं, पण आवाज? तो मी जपला होता रे, गाढवा! तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण असेल. रविवारची वाट बघू नका. आत्ता उठा.