ऑग्डेनबाईंची लांब नळीची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. काचेची, चपटी, तोंडाला बूच आणि बुचातून निघालेली हातभर लांब रबरी नळी. आता ती नळी नाही. ती का नाही, तेच सांगायचे आहे, आणि सांगताना मान वर होत नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा मी फार तोऱ्यात होते. दुकानदाराने मला 'आईची सोबतीण' म्हणून दर्शनी मांडले आणि इंग्लंडातल्या सॅलफर्ड या गिरणगावच्या मार्था ऑग्डेनबाईंनी मला घरी नेले. बाळाला पाळण्यात टाकायचे, नळी तोंडात द्यायची आणि भोंगा होताच शाल गुंडाळून गिरणीकडे पळायचे. बाळ आपले आपण चोखत राही. गल्लीभर माझे कौतुक होई. बाई माझी काच रोज लख्ख पुसत. नळीत मात्र कुणाचे बोट जात नसे, म्हणून तिची आठवणही कुणाला होत नसे.

उन्हाळ्यात अंगणातल्या संडासावरच्या माश्या दुधावर येत आणि बाळांना जुलाब लागत. गल्ली म्हणे, दात येताहेत. पुष्कळदा दाताआधी शवपेटीच येई.

मार्थाबाईंना तेरा मुले झाली, आठ गेली. त्या गल्लीत जिने जास्त मुले पुरली, तिचा शब्द मोठा. बाळाच्या बाबतीत कुणी वाद घातला, की बाई कंबरेवर हात ठेवून म्हणत, "मला नको शिकवूस. आठ पुरलीत मी." वाद तिथेच मिटे.

पुढे मी त्यांची नात विनी हिच्या पाळण्यात आले. एका ऑगस्टात विनीला जुलाब सुरू झाले आणि त्याच दिवशी नगरपालिकेच्या आरोग्यबाई, मिस पेल, दारात उभ्या राहिल्या.

"या, करा तपासणी," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमची स्वतःची किती?"

"एकही नाही."

"वाटलंच. हातच सांगताहेत."

मिस पेल चिडल्या नाहीत. "आजी, या वॉर्डात पाच बाळं जन्मली, की त्यातलं एक बाळ वर्षाच्या आत जातं. टेकडीवरच्या बंगल्यांत दहातलं एक. दात तर तिकडच्या बाळांनाही येतात."

"मला नका शिकवू. आठ पुरलीत मी."

"त्यांना दूध कशातून पाजायचात?"

मार्थाबाईंनी अभिमानाने माझ्याकडे बोट केले.

मिस पेलनी कात्रीने नळी उभी चिरली. आत काळपट हिरवा, गिळगिळीत थर होता. वास असा सुटला, की विनीची आई एडिथ लेकीला उचलून दाराकडे धावली. त्या क्षणी मी फुटले असते तर बरे झाले असते.

मार्थाबाई चिरलेल्या नळीवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे दात नव्हते ते?"

एडिथने नळी चुलीत टाकली.

विनी वाचली, उकळलेल्या पाण्यावर आणि वाटी-चमच्यावर. त्यानंतर मार्थाबाईंनी आपली आठ कुणाला ऐकवली नाहीत. मला मात्र त्यांनी फेकले नाही. परवा शेजारची पहिलटकरीण म्हणाली, "मावशी, बाटली नुसती पडून आहे, मला देता का?"

"पडूनच राहू दे तिला, पोरी. वाटी-चमचा देते, तो ने."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे कोणत्या तोंडाने म्हणू? एवढेच म्हणते, की बाळाच्या ओठाला जे लावाल ते बाहेरून चकाकते म्हणून स्वच्छ समजू नका. आत बघा.

मार्थाबाई मला अजून रोज धुतात. आता आतून.