न पटणारी मावशी

अकरावीच्या इंग्रजीला आम्हाला वर्षभरात दोन प्रकल्प करायचे होते. एक कथा, मनाने रचलेली. दुसरं संशोधन, माणसांना प्रत्यक्ष विचारून केलेलं. मी कथा खरी लिहिली आणि संशोधन मनाने रचलं. कथेला विसापैकी सहा मिळाले, संशोधनाला अठरा.

कथा माझ्या मावशीच्या लग्नाची होती. मावशी लिफ्ट दुरुस्त करते. तिचं लग्न नोंदणी कार्यालयात होतं, चौथ्या मजल्यावर. ती वेळेवर पोचली, पण होणारा नवरा दोन साक्षीदारांसकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकला. मावशीने नव्या कपड्यांची पर्वा न करता वर जाऊन मशीनचं चाक हाताने फिरवलं, नवऱ्याला बाहेर काढलं आणि तशाच ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी सही केली. त्या नोंदवहीत सहीशेजारी तिचा अंगठाही आहे, कोणी न मागता उमटलेला.

आमच्या इंग्रजीच्या सरांना सगळे कॉमा सर म्हणतात, कारण राहिलेला स्वल्पविराम त्यांना शंभर पावलांवरून दिसतो. त्यांनी कथेखाली लाल शाईने लिहिलं होतं, 'योगायोग ओढूनताणून आणलेला. नायिका पटत नाही.'

संशोधनाचा विषय होता, लिफ्टची वाट बघताना लोक बटण किती वेळा दाबतात. साठ जणांना विचारायचं ठरवलं होतं. नऊ झाल्यावर माझे पाय दुखायला लागले. उरलेले एक्कावन्न मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, बिस्किटं खात तयार केले. त्यांना वयं दिली, नोकऱ्या दिल्या, दोघांना गुडघेदुखी दिली. आलेख इतका सुबक आला की माझाच त्याच्यावर विश्वास बसला. त्याखाली सरांनी लिहिलं होतं, 'माणसांचं बारीक निरीक्षण.'

वर्ष संपताना तिसरं काम आलं. या दोन प्रकल्पांतून काय शिकलात, ते प्रामाणिकपणे एक पान लिहा. 'प्रामाणिकपणे' हा शब्द नसता तर माझं तासाभरात झालं असतं. दोन्ही वह्या तीन दिवस टेबलावर पडून होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मावशी आली.

मावशी इंग्रजी शिकली ती लिफ्टच्या माहितीपुस्तकांतून, त्यामुळे इशारे आणि धोक्याच्या सूचना तिला उत्तम कळतात. लाल शाई तिने दोनदा वाचली.

"मी पटत नाही?"

"तू नाही गं, ते पात्र."

"पात्र म्हणजे मीच ना?"

आईने चहा पुढे केला. मावशीने तो घेतला नाही, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याचं घरात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत हजर झाली, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात माझ्या दोन्ही वह्या. जवळच काम निघालं होतं, असं तिचं म्हणणं. मला बोलावणं आलं तेव्हा सर डबा अर्धा टाकून उभे होते.

"हिच्या गोष्टीत जी पटत नाही, ती मी," मावशी म्हणाली.

"बसा ना," सर म्हणाले. "माझा आक्षेप तुमच्यावर नाही हो. पण नेमकी त्याच दिवशी लिफ्ट बंद पडणं, म्हणजे..."

"ती दर पंधरवड्याला बंद पडायची. त्या दिवशी चालली असती तर योगायोग."

सर बसले. "बरं. पण नवरी स्वतः का गेली? दुरुस्तीवाल्याला बोलवायचं."

"बोलावलं की. कारकुनाने भिंतीवरचा नंबर लावला. फोन माझ्याच पर्समधे वाजला."

सर इतके हसले की पलीकडचे भूगोलाचे सर बघायला लागले. मग डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. "हे का नाही लिहिलंस?"

"कोणाला खरं वाटलं नसतं म्हणून, सर."

इथे मावशीने उठायला हवं होतं. पण मान मिळाल्यावर माणूस सैल सुटतो. तिने दुसऱ्या वहीकडे बोट केलं. "आता हे बघा. दोनदा बटण दाबणारी बेचाळीस माणसं हिला भेटली कुठे? एकवीस वर्षं मी लिफ्टमधे काढली. लोक एकदा दाबतात, नाहीतर बोट दुखेपर्यंत दाबतात. दोनदा दाबून कोणी थांबत नाही."

सरांनी वही ओढली. "या दोघांच्या गुडघेदुखीचं तुला कसं कळलं?"

"सर, पहिले नऊ खरे आहेत."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती तुटायला आलेल्या तारेकडे पाहते.

सर ओरडले नाहीत, तेच वाईट. "उरलेले एक्कावन्न आणून दे. विचारू नकोस, नुसतं बघ," एवढंच म्हणाले.

चार संध्याकाळी मी वाचनालयाच्या लिफ्टसमोर उभी राहिले. वही दिसली की लोक परीक्षेला बसल्यासारखे एकदाच बटण दाबत, म्हणून ती मी वर्तमानपत्रात लपवली. मग एका वकिलाने फोनवरून डोळे न हलवता एकोणीस वेळा दाबलं. एक बाई न दाबताच उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दाबलं असेल असं समजून त्यांच्यामागे सहा जण. सात मिनिटांनी कोणीतरी म्हणालं, आज लिफ्ट फारच वेळ लावतेय. आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखा आला. दोनदा दाबणारे तिघे निघाले.

मग ते एक पान मी एका बैठकीत लिहिलं. खोटं रचताना मला पकडले जाण्याची धास्ती होती, म्हणून मी सगळी भोकं बुजवून ठेवली. खरं लिहिताना मात्र ते खरं आहे एवढ्यावरच मी निर्धास्त राहिले, आणि त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट स्वतःच गाळून टाकली. असं काहीसं. आलेखाबद्दल लिहिलेलं अर्धं मी खोडलं, कारण ते रडगाणं झालं होतं.

संशोधनाचे अठराचे अकरा झाले. पर्समधला फोन घालून पुन्हा लिहिलेल्या कथेला तेरा मिळाले. मावशीला सांगितलं तेव्हा ती आणि तिचा नवरा, आमचे काका, घरी आमच्याबरोबर जेवत होते.

"विसापैकी?"

"हो. तेरा म्हणजे चांगले असतात मावशी."

"म्हणजे अजून सात मार्कांची मी खोटीच," ती म्हणाली, आणि काकांना भात वाढायला सांगून ताट पुढे केलं.